जीवराम नानांचं इंजिन आणि याहींचा मान

यावलकडच्या जीवराम नानांची केळी म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्यानं गाडी थांबवून पाहावी अशी. मोट सुटली आणि घरामागच्या विहिरीवर ऑइल इंजिन आलं, तेव्हा नानांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि त्याचा ठोका ऐकत जेवायची सवयच लावून घेतली. ठोका चुकला की घास हातात थांबे. बायको, धुरपदाबाई, म्हणे, "माह्या बोलन्याकडं येवढा कान दिला असता, तं संसार सोन्याचा झाला असता!"

पंचावन्न सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेक इंदिरा माहेरी आली होती आणि तिला पोचवायला खुद्द सासरे, तोताराम आबा, आले होते. लेकीचा सासरा, म्हणजे नानांचे याही. त्यांचा मान काय सांगावा! पाटाखाली रांगोळी, तांब्याखाली रांगोळी. आणि नेमकं त्याच सकाळी इंजिन धडधडत राहिलं, पण पाणी येईना. बाग नुकती निसवलेली, घड बाहेर पडू लागलेले, वर वैशाखाचं ऊन. मोटेचं चामडं तर केव्हाच वाळून फाटलेलं. पाणी लांबलं की वर्षाची मेहनत गेलीच.

नानांना कारण पंपाशी उभ्या उभ्याच कळलं होतं. वरून ओतलेलं पाणी पंपात टिकत नव्हतं, परत विहिरीत उतरत होतं. म्हणजे विहिरीत सोडलेल्या नळाच्या बुडाशी असलेली झडप बसत नव्हती. नळ वर ओढायचा, झडप साफ करायची, झालं.

"झडप असंन," नाना म्हणाले.

"झडप?" आबा हसले. ते सरकी काढायच्या एका जिनातले भागीदार; कापसाबरोबर इंजिनही आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज. "याही, आवाज ऐका. दम नाई राह्यला त्याच्यात. खोला इंजिन!"

तोवर माणसं जमली होतीच. शेजारचा भाईदास म्हणाला, "खरं हाये आबांचं. माहा साडू चाळीसगावले रेल्वेत हाये, तोही हेच म्हनतो."

"तुहा साडू तं इंजिनं धुतो ना रे?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"धुतो म्हनूनच तं जवळून पाह्यतो!"

नानांचा गडी पुना शेणकाल्याची बादली घेऊनच आला. पंपात शेणकाला ओतला की फटी बुजतात, हे काही खोटं नाही. बारीक गळतीला तो चालतो. इथे तो पाण्यामागोमाग विहिरीत गेला. पुना म्हणाला, "शेन पातळ झालं."

नानांच्या ओठावर शब्द पुन्हा आला. पण पोरीच्या सासऱ्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? पोरीला त्याच घरात नांदायचं. उद्या ताटावर बसताना तिला टोमणा ऐकावा लागला तर? नानांनी शब्द गिळला आणि पाना उचलला.

गोणपाटावर इंजिनाची हाडं पसरली. जोडताना पिस्टनची एक रिंग मोडली. आबा खुशीत म्हणाले, "पाहा! रिंगच खराब होती. मी म्हटलं नव्हतं?" मग आमरस-पुरणपोळी जेवून ते आपल्या गावाला गेले.

रिंग जळगावात मिळेना. मुंबईहून यायला बरेच दिवस गेले. लीलाधर मिस्त्रीनं ती बसवली, इंजिन सुरू झालं. पाणी नाहीच. तेव्हा कुठे नानांनी, कोणाला न विचारता, नळ वर ओढवला. झडपेत केळीच्या वाळक्या पानाची चिंधी अडकली होती. दोन बोटांनी निघाली. पाणी धो धो पाटात आलं. पण तोवर घड काळवंडले होते आणि निम्मी झाडं कंबरेत मोडून पडली होती.

इंदिरा अजून माहेरीच होती. पाटाशी येऊन तिनं विचारलं, "नाना, तुमाले अगुदरच ठावूक होतं?"

"होतं."

"मंग?"

"तुह्यासाठी गप्प बसलो, माय."

"माह्यासाठी?" ती बघतच राहिली. "घरी आबांची चूक रोज मीच काढते! मांगं स्टोव्ह खोलून बसले होते. मी म्हनलं, आबा, नुसती पिन मारा. तं मारली, अन् वरून हसले. माह्यावर लई जीव हाये त्यांचा. एक हाक मारायची होती, नाना. मी घरातच तं पुरन वाटत होती."

 नानांनी कोयता घेतला आणि पहिल्या ओळीपासून मोडलेली झाडं तोडायला लागले. पुढे बाग पुन्हा उभी राहिली, घडही लागले. पण पोर हाकेच्या अंतरावर होती, आणि आपण तिच्याच नावानं मुके राहिलो, हे काही नानांच्या घशाखाली कधी उतरलं नाही.