एकाच पंखाची पिसं

अंगणात पीस पडलेलं दिसलं की मी आजही ते उचलून गालावर फिरवतो. डावं की उजवं, ते अजून कळत नाही.

सातपुड्यातल्या शाळेत मी शिकवायचो, तेव्हा शेजारचे म्हातारे रुमल्याबाबा बाणाला पिसं बांधत बसायचे. एका बाणाला तीन पिसं, तीही एकाच बाजूच्या पंखाची. डावी-उजवी मिसळली की बाण डगमगतो. पक्ष्याला उडायला दोन्ही पंख लागतात, त्याला मारणाऱ्या बाणाला मात्र एकच पुरतो, याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं.

पिसं निवडायचं काम त्यांच्या बायकोचं. ती पीस गालावर फिरवून त्याचा बाक ओळखायची. ती गेली आणि बाबांचे बाण भरकटू लागले. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. "गुरुजी, हे डावं का उजवं?" असं ते मला विचारायचे.

एकदा त्यांच्या घरात कुडाला टांगलेल्या दोन टोपल्या दिसल्या. दोन्ही पिसांनी भरलेल्या होत्या, एकीत डावी, दुसरीत उजवी.

"बाबा, ही तर निवडलेलीच आहेत."

"तिनं निवडलीत," ते म्हणाले. "वापरली तर संपतील."