सुतकातली चूल

बायको मागाच्या कांड्यांवर सूत भरत होती आणि मी तिच्यासमोर बसून सुताची लडी सोडवत होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. लडी गुंतली तशी ती म्हणाली, "इतके वर्ष माग चालवून राहिले, अन् सूत अजून ऐकत नाही तुमचं."

"तू तरी कुठं ऐकतं वं," मी म्हटलं.

दुपारी छातीत कळ आली म्हणून ती टेकली, ती उठलीच नाही.

पोरगी तेव्हा सतरा वर्षांची. दहाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, मद्रासकडच्या दवाखान्यात तिला आईची एक बसवली. लोकांना वाटलं, झाली बरी. तसं बरं होत नाही त्यात. सकाळ-संध्याकाळ गोळ्या, जन्मभर. चुकल्या की शरीर ती किडनी परकी समजून मारतं. पाणी उकळलेलं, जेवण घरचं, ताजं. गर्दीत न्यायचं नाही. लग्नकार्याला आमच्यापैकी एकानं जायचं, एकानं नागपुरातल्या त्या दोन खोल्यांत थांबायचं. मला भिंतींचा राग यायचा. कधी पोरीचाही. बायकोला येत असेल, पण बोलली नाही.

घाटावरून आलो तर घर बायांनी भरलेलं. आमच्यात मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. सोयऱ्यांनी डब्यात वरण-भात आणला होता, तो पोरीला चालत नव्हता. मी चुलीकडे गेलो तर उमरेडहून आलेली माझी मोठी बहीण आडवी आली. "चिता थंडी नाही झाली अजून, अन् तू चूल पेटवतं? लोक थुंकतील गा."

ओसरीवर माणसं बसली होती. मी परत जाऊन त्यांच्यात बसलो.

शेवटी पोरीला नुसतीच गोळी दिली. तिनं तोंड फिरवलं.

"काहून?"

"त्या बाया म्हणून राहिल्या, एक किडनी देल्ली तवाच अर्धी मेली होती. मी खाल्लं आईले. आता नाही पायजे मले."

"डॉक्टर म्हणे, एकीवर माणूस जगते."

"मंग जगली काहून नाही, बाबा?"

गोळी तशीच पुडीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या देखत मी चूल पेटवली. पाणी उकळलं, खिचडी टाकली. जमली तशी जमली, खाली लागली.

"या घरचं पाणी नाही पिणार कोणी," बहीण म्हणाली.

"नको पिऊ, बाई."

ताट पोरीपुढे ठेवलं. म्हटलं, "आईले काल जाळून आलो मी. तुह्या पोटात हाय तेवढीच उरली. तिले मारता येत नाही तुले."

ती खूप वेळ रडली. मग चार घास खाल्ले. मी गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या आणि ती गिळेपर्यंत तिथून हललो नाही.