गेणबाची अर्धी ऱ्हायलेली गोष्ट

रविवारी दुपारी गेणबा वट्ट्यावर वाकळ टाकून पेपरातली गोष्ट वाचत व्हता, आन् भामाबाई शेजारी सुपात हुलगं निवडीत व्हती. गोष्ट शहरातली. एक म्हातारी फ्लॅटात एकटीच ऱ्हाती. तिची सून भांडून निघून गेल्याली, कैक वर्सं तोंड दावलं न्हाई. आन् एक दिस दाराची बेल वाजली. म्हातारीनं दाराच्या भोकाला डोळा लावला, तर भाईर सूनच उभी, हातात पिशवी.

"मग? उघडलं का दार?" भामाबाई म्हनली.

"लई घाई तुला. आदी च्या कर, मग सांगतो."

"म्हंजी च्यापायी गोष्ट गहाण ठिवली व्हय?"

गेणबा हसला. पेपर दुमडून उशीखाली सारला. भामाबाई च्या घिऊन आली तवा त्यो भिताडाला टेकून गप बसल्याला. तिला वाटलं, डोळा लागला. "अवं," म्हनली. पुन्यांदा म्हनली. कप खाली ठिवून हात धरला, तवा समजलं.

गेणबाची समदी जिंदगी मेंढरांमागं गेली. राहू गावाला जमीन घिऊन घर बांधलं, तवर डोकं पिकलं व्हतं. साक्षरतेचा वर्ग निघाला तसा पाटी घिऊन जायला लागला. भावकीतलं सोपानराव म्हनायचं, "गेणबा आता मास्तर व्हनार!" मास्तर न्हाई झाला, पन रविवारचा पेपर आला की त्यातली गोष्ट एक-एक अक्षर जोडून भामाबाईला वाचून दावायचा, आन् वहीत गोष्टीचं नाव लिवायचा. नावाम्होरं सोळा आन्यांतनं किती आन्याची गोष्ट, ते.

आनं मातूर भामाबाई ठरवायची. बाजारात मेंढीच्या पाठीवर हात फिरवून किंमत सांगायची ती भामाबाईच, मग गोष्टीची दुसरं कोन सांगनार? "नवरा-बायकू नुस्ती खिडकीतनं भाईर बघत्यात," ती म्हनायची, "चार आनं लिवा. ते बी खिडकी बरी सांगितली म्हनून." गोष्ट पुरी झाल्याबिगर मातूर गेणबा वहीला हात लावत नसायचा. "अर्धी मेंढी कोन इकतं का?" म्हनायचा.

माती झाली. रीतीपरमानं गेणबाचं अंथरूण-पांघरूण नदीला सोडलं. सून अनुपमानं वाकळ, उशी समदं गुंडाळून दिल्यालं. दुसऱ्या दिशी भामाबाईनं पेपर इचारला, तशी अनुपमाचं तोंडच उतरलं.

"आत्या, उशीसंगं गेला वाटतं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

भामाबाईनं वही उघडली, आन् तशीच मिटून ठिवली. त्यानं पोरीला जास्तच लागलं. पप्पूनं, म्हंजी भामाबाईच्या पोरानं, कासुर्डी-यवतपातुर पेपरवालं पालथं घातलं. समदीकडं रद्दी गेल्याली. भामाबाईच्या जिवाला एकच घोर: मान्साची शेवटची गोष्ट अर्धी ऱ्हायली, आन् वहीत चढायची न्हाई.

दहाव्याला नदीवर पिंड ठिवला. कावळं झाडावर बसल्यालं, पन खाली एक येईना. पप्पूनं हात जोडलं, "आबा, आयला कायबी कमी पडू देनार न्हाई." कावळा हालंना. सोपानराव म्हनलं, "गेणबा, तुझ्या बांधाचं भांडन मी सोडलं बघ!" तरी न्हाई. शेजारची कुशाबाई पुटपुटली, "ह्ये सोपानरावाचं कावळ्याला बी खरं वाटंना."

मग भामाबाई म्होरं झाली. पदर सावरला, आन् पिंडाकडं बघून बोलाया लागली.

"तुमी बेलीपाशी थांबला व्हता. आयका फुडचं. म्हातारीनं दार उघडलं. सून म्हनली, आत्या, माझं चुकलं. म्हातारी म्हनली, चुकलं-बिकलं मागनं. आदी हात-पाय धू. पिशवी घेतली, ताट वाढलं. कुठं व्हतीस, का गेलीस, कायबी इचारलं न्हाई. सून जेवता जेवता रडाया लागली, तर म्हातारी म्हनली, रडू नगं, कालवनात आदीच मीठ जास्ती झालंय."

बाया रडता रडता हसल्या. अनुपमानं तोंडात पदर कोंबला. समदी माणसं भामाबाईकडंच बघत व्हती, पिंडाकडं कुनाचं ध्यानच न्हवतं. भावकीतला म्हस्कू एकदम वरडला, "आरं, शिवला की!" बघत्यात तर कावळा अर्धा पिंड खाऊन उडाल्याला.

सांजच्याला अनुपमा वही घिऊन आली. "आत्या, गोष्टीचं नाव काय लिवू?"

"नाव त्येंनाच ठावं. 'दारातली सून' लिव."

"आन् आनं?"

भामाबाईनं इचार केला. "बारा. शेवट माझाच हाय. जास्ती दिलं तर म्हातारा हसंल."

फुडच्या रविवारी पप्पू कुनी न सांगता पेपर घिऊन आला. अनुपमा वट्ट्यावर बसली. भामाबाईनं सूप वढलं. दोघींचा च्या तिनं आदीच करून ठिवला व्हता.

"हं, वाच," ती म्हनली. "आन् संपस्तवर जाग्यावरनं उठायचं न्हाई."