मॅडमला 'वगैरे' चालत नसे

आमच्या मॅडमला 'वगैरे' चालत नसे. मॅडम म्हणजे माझी बायको. एकोडीच्या शाळेत शिकवायची, म्हणून गाव मॅडम म्हणे. मीही तेच म्हणायचो. बाजाराला निघालो की चिठ्ठी द्यायची: वांगी, लाखोळीची डाळ, हळद, सुतळी. 'भाजी वगैरे' लिही म्हटलं तर म्हणायची, "वगैरे कोन्या दुकानात भेटते?" आता चिठ्ठी नाही. बाजारात जातो अन् नुसता उभा राहतो.

मी चौथी शिकलेला, धान लावणारा माणूस. ती पन्नाशीला पीएचडीला बसली. विषय काही जमेना. नागपूरचे सर म्हणाले, 'ग्रामीण विकास' घ्या. वर्षभर पुस्तकं वाचली, वहीत एक ओळ नाही. मग एकदा रोवणीच्या, धान लावणाऱ्या बायांसाठी चहा घेऊन शेताच्या धुऱ्यावर आली, अन् केटली हातात धरून तशीच उभी राहिली. उद्या कोणाच्या बांधीत रोवायला उतरायचं, यावर बाया भांडत होत्या. कोणाची रोपं, पऱ्हे, वाढून चालले, कोणाच्या घरी बाळंतीण, सगळं धरून चिखलातच निकाल लागला.

"हाच माहा विषय," ती म्हणाली.

"रोवणीवर कोनी पीएचडी करते का?"

"तुमी जनमभर पाहून राहिले. सांगा बरं, हे ठरते कसं?"

मी तिच्या हातची केटली घेतली अन् बायांना चहा वाटला.

ती लिहायची, मी बाजूला बसायचो. पानाखाली बारीक अक्षरात 'इबिड' दिसायचं.

"हे काय?"

"मंघाचंच पुस्तक, असा अर्थ. लॅटिन हाये."

"मंग तसंच लिव्ह ना! हे लॅटिन कायले आनलं घरात?"

पोट धरून हसायची.

'एट अल'वर मात्र हसली नाही. सरांनी लिखाण परत पाठवलं. माहिती देणाऱ्या अकरा बायांची नावं दर वेळी कशाला? पहिलीचं लिहा, पुढं 'एट अल', म्हणजे 'आणि इतर'. तोवर तिच्या पोटात गाठ निघाली होती. मी चिडलो.

"लिव्हून टाक न् मोकळी हो. दिवस कमी हायेत."

"चिखलात अकरा जनी वाकल्या," ती म्हणाली, "अन् कागदावर एकच उभी राहीन का?"

पडल्या पडल्या फोनवर सरांशी भांडली. शेवटी ठरलं: सुरुवातीला एक पान साऱ्यांच्या नावांचं, पुढं नुसतं 'अकरा जणी'. प्रबंध नागपूरला गेला. तोंडी परीक्षेचं पत्र यायच्या आधी मॅडम गेली.

यंदा बाया रोवणीला आल्या, तर दारातच विचारलं, "भाऊजी, आमचं नाव छापलं म्हने?"

हात धुऊन मी ते जाड पुस्तक आणलं. मला वाचायला वेळ लागतो. एकेक नाव घेऊन थांबायचो. जिचं येई ती शाळेतल्यासारखं "हजर!" म्हणे, बाकीच्या हसत. अकरा झाली.

"आता मॅडमचं घ्या," एक जण म्हणाली.

मी पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं, अन् सवयीनं थांबलो.