शनिवारचं काळं कुत्रं

धुरपदाबाईंच्या जिभेला पांडेसऱ्याच्या कापडकारखान्यांच्या वस्तीतली अख्खी गल्ली टरकून असायची. नवरा गेल्यावर घरबसल्या मजुरीने कारखान्याच्या साड्यांचे सुटे धागे कापून बाईंनी एकटीने दोन मुली उजवल्या. तेव्हापासून आपल्याखेरीज देवाने कोणाला अक्कल दिली असेल, यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता.

त्यांच्या ओट्याखाली एक कुत्रं येऊन पडलं होतं. खरजेने अंगावरचा केस न् केस गेलेला, कातडी सोललेली, डोळ्यांत पू. गल्लीने त्याची दखल आपल्या पद्धतीने घेतली. कोणी पाणी फेकलं, कोणी दगड. बँकेतल्या विजयरावांची बायको शोभाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "मावशी, कॉर्पोरेशनची गाडी बोलवा ना, बघवत नाही." बघवत नव्हतं, पण पाण्याची एक वाटी ठेवायला हात झिजत होते.

धुरपदाबाईंनी वाटी ठेवली. प्रेमाबिमाने नव्हे. गल्लीतले सगळे एका बाजूला असले की बाई दुसऱ्या बाजूला, एवढाच त्यातला हिशेब. पण कुत्र्याने तीन दिवस चाटूनपुसून वाटी रिकामी केली आणि चौथ्या दिवशी शेपूट हलवलं. तिथे बाई फसल्या.

औषध विचारलं ते दिराला, उखाला. उखा लूमकारखान्यात मिस्तरी. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर याच्याकडे पाना नाहीतर ऑइल. "वहिनी, मशीननं जळेल काळं ऑइल लावा. गावले ढोरेस्ले लावतंस. तीन हातमा खरूज साफ!" उंटावरच्या या शहाण्याने डबाही आणून दिला, आणि स्वतःला शहाण्या म्हणवणाऱ्या धुरपदाबाईंनी फडक्याने कुत्र्याला नाकापासून शेपटीपर्यंत माखलं. तांबूस कुत्रं डांबरासारखं काळं झालं.

दोनच दिवसांनी शनिवार आला आणि गल्लीला साक्षात्कार झाला. काळं कुत्रं! तेही ओट्याखाली, न पळणारं! शनीची पीडा टळावी म्हणून काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायची, तर त्यासाठी लोक भेस्तानपर्यंत कुत्री धुंडाळत फिरत. इथे तर देव घरपोच आला होता. काल दगड मारणारे हात आज पोळ्या घेऊन उभे. शोभाबाई सगळ्यांत पुढे. विजयरावांची बढती अडली होती, ज्योतिषाने पाच शनिवार सांगितले होते. नाकावरचा पदर आता डोक्यावर गेला होता. कुत्रं तेच, खरूज तीच.

धुरपदाबाईंना हसू आवरेना. फुकटात कुत्र्याचं पोट भरतंय म्हणून त्यांनी आठवड्याने दुसरा हातही दिला. काळा रंग उतरू नये, हाही त्यात एक हेतू होता.

दुसऱ्या शनिवारनंतर कुत्र्याने मान टाकली. अंग चाटून चाटून ऑइल पोटात गेलं होतं, त्यावर पोळ्यांचं तेल. ते ओकत होतं, थरथरत होतं. बाईंनी त्याला खराब निघालेल्या साडीत गुंडाळलं, दोन रिक्षावाल्यांना शिव्या घातल्या, तिसऱ्याच्या रिक्षात न विचारताच चढून बसल्या आणि जनावरांच्या दवाखान्यात पोचल्या.

डॉक्टर अमृता तरुण होती. तिने साडी उघडली आणि विचारलं, "हे कोणी लावलं?"

धुरपदाबाईंच्या जिभेवर उखाचं नाव तयार होतं. पण कुत्रं त्यांच्याच हाताला नाक टेकवून पडलं होतं. "मी," त्या म्हणाल्या. आपण इतक्या मूर्ख असू शकतो, हे त्यांना बासष्टाव्या वर्षी कळलं आणि भयंकर लाज वाटली.

डॉक्टरने इंजेक्शन दिलं. "हे विष आहे, मावशी. कातडीतूनही भिनतंय. आजच्या आज धुऊन काढा. आधी गोडं तेल चोळून सैल करा, मग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात. उद्यावर टाकाल तर वाचणार नाही."

घरी येऊन त्यांनी घमेल्यात पाणी काढलं, तोच शोभाबाई धावत आली. "मावशी, धुवू नका हो! माझे दोनच शनिवार झालेत. अजून तीन राहू द्या."

"आनि तवपावत तो मरी ग्या तं?"

"असं अभद्र बोलू नका. व्रत मोडतं!"

विजयरावांची बढती त्या कुत्र्याच्या जिवावर चालली होती आणि हे शोभाबाईला अजिबात वावगं वाटत नव्हतं. धुरपदाबाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली. दोन तास त्या चोळत होत्या. काळं पाणी गटारात गेलं, खालून लालभडक, जखमांनी भरलेली कातडी निघाली. व्रत बुडालं. गल्लीने महिनाभर बाईंशी अबोला धरला. बाईंना तेवढीच विश्रांती.

दर आठवड्याला इंजेक्शन, दिवसातून दोनदा मलम, मऊ भात. धागे कापायच्या साड्या कमी झाल्या, मजुरीही. दीड महिन्यात अंगावर तांबूस लव आली, मग केस. कुत्रं गल्लीभर दुडक्या चालीने फिरू लागलं. शनिवारी पोळीचा वास आला की शोभाबाईच्या पायात घोटाळायचं. तिने चपलेने हाकललं तरी पुन्हा शेपूट हलवत जायचं. या बेशरमपणाबद्दल धुरपदाबाई त्याला रोज शिव्या घालत आणि रोज जवळ घेत.

एका शुक्रवारी संध्याकाळी शोभाबाई ओट्यावर येऊन बसली. आवाजात साखर. कोपऱ्यावर एक नवीन कुत्रं आलंय म्हणे, पांढरं, अगदी गरीब स्वभावाचं.

"मावशी, उखाभाऊंकडे ते ऑइल अजून असेल का हो? थोडंच पाहिजे. तीनच शनिवार, मग मी स्वतः धुऊन देईन."

धुरपदाबाईंनी कात्री खाली ठेवली आणि विजयरावांच्या घराकडे बोट केलं.

"से ना, डबाभर से. तुम्हना मालकले आठे लई या. तेस्लेच लाई देस. साडेसाती तेस्नी से, कुत्रानी नही."