मुक्या जिवाचा घास

भोसरीच्या चाळीत राहायचो तेव्हा निघोज्याहून इंद्रायणी ओलांडून, सायकलला कॅन लटकावून एक दूधवाला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. पातेल्यात दूध ओतलं की तो माप कॅनच्या काठावर दोनदा वाजवायचा आणि वर थोडी धार सोडायचा.

शेजारचे काका माळकरी, आणि माझ्या घरी दर रविवारी मटण. दुधासाठी दारात उभं राहिलो की आमची जुंपायचीच. एकदा काका म्हणाले, "मुक्या जिवाचा घास घेऊन माणसानं पोट भरू नये."

दूधवाल्यानं माप हातात तसंच धरलं. "काका, मी घास घेतला न्हाई, पर वासराच्या तोंडचा काढून आणलाय की."

मी पोट धरून हसलो. काका मात्र विचारात पडले. दुसऱ्या दिवसापासून पातेलं पुढे करण्याआधी विचारायचे, "वासराला पाजलंस का रे?"

"व्हय, पोटभर. कॅनात कमी पडलं ते इंद्रायणीमाईनं दिलं."

इंद्रायणीला नाही म्हणणं कुठल्या माळकऱ्याला जमलंय? काका हसून पातेलं पुढे करायचे.