छत्री धरणारी

"सर, दुर्बीण बिघडली. सगळं उलटं दिसतंय."

एवढंच बोलले मी. हजीऱ्याकडं जाताना तापीच्या काठावर, भर उन्हात अख्खा वर्ग खो खो हसला.

भूगोलाचं तिसरं वर्ष, सर्वेक्षणाचं प्रात्यक्षिक. तिपाईवर दुर्बीण, लांब एक जण उंच मोजपट्टी धरून उभा. दुर्बिणीला ऊन लागलं तर तिची पातळी दाखवणारा बुडबुडा हलतो, माप चुकतं. म्हणून वर छत्री धरायची. वर्गात मुलगी मी एकटी. मग छत्री कोणाकडं, सांगायला नकोच. दोन वर्षं मी उन्हात आणि यंत्र सावलीत.

त्या दिवशी दुर्बिणीतून बघणारा पोरगा पाणी प्यायला गेला, म्हणून पहिल्यांदा डोळा लावला. तर पट्टीवरचे आकडे डोकं खाली, पाय वर. वाटलं, माझ्या हातून काही मोडलं.

सर गुजरातीत म्हणाले, "बे वरस छत्री पकडी, तोय खबर नथी? पांडेसरानी छोकरी!"

पांडेसरा म्हणजे आमची मिल-कामगारांची वस्ती. त्या दुर्बिणीत उलटंच दिसतं. वर्गातल्या ढ पोरालाही ठाऊक होतं. मला कोण सांगणार? मला कधी बघूच दिलं नव्हतं, आणि वरून मलाच हसत होते. हा कुठला न्याय?

कॉलेजात भिंतीवर मोठमोठ्या भूगोलतज्ज्ञांचे फोटो होते. सगळे दाढीवाले. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, यात बाई एकही नाही का? सर म्हणाले होते, "बायकांनी नकाशे काढले असते, तर आपण सगळे फिरून फिरून रसोड्यातच पोचलो असतो." तेव्हा मी मान खाली घातली. त्या काठावर मला कळलं, बाया भिंतीवर का नाहीत. कुठंतरी छत्री धरून उभ्या असतील बिचाऱ्या.

डोकंच फिरलं माझं. मी छत्री मिटली.

"छत्री उघड," सर म्हणाले.

"आता दुसरं कोणीतरी धरा. मी बघणार."

कोणी धरली नाही. सरांनी मला प्रात्यक्षिकात नापास केलं. माय अहिराणीत करवादली, "कसाले त्यास्ना नादी लागनी?" रंगाच्या मिलमधून निळे हात घेऊन आलेला बाप तसाच जेवायला बसला. मला त्याचाही राग आला.

पुढच्या वर्षी परत तोच काठ, तेच सर. त्यांनी वाळूत ठेवलेल्या छत्रीकडं बोट दाखवलं. मी छत्री ओलांडली आणि तिपाई खांद्यावर घेतली.

उलटं दिसतं, हे आता मला माहीत आहे. छत्री ज्याला हवी त्यानं धरावी.